उभ्या पऱ्हाटीवर नांगर

२८ जुलै १९३३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेक्सासच्या एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ५१७ डॉलरचा चेक दिला. शेतकऱ्याचे नाव विल्यम मॉरिस, राहणार न्यूएसेस काउंटी. त्याने सरकारला काहीही विकले नव्हते. आपल्या ४७ एकरांतली उभी कपाशी त्याने नांगरून मातीत घातली होती आणि सरकार त्याचे दाम मोजत होते. शेतकऱ्याकडून सारा वसूल करणारी सरकारे जगाने हजारो वर्षे पाहिली होती. दुष्काळात तगाई देणारी, साऱ्यात सूट देणारीही पाहिली होती. पीक मोडल्याबद्दल शेतकऱ्याच्या नावाने चेक फाडणारे सरकार मात्र नवलाचे होते.

आज शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होणाऱ्या सरकारी पैशाची वंशावळ शोधत गेले, तर ती बऱ्याच अंशी त्या उन्हाळ्यापर्यंत जाते. त्या पैशाला चिकटलेला एक प्रश्नही तिथूनच सुरू होतो: चेक कुणाच्या नावाने काढायचा? जमीन ज्याची त्याच्या, की घाम ज्याचा त्याच्या? या प्रश्नाचे जे उत्तर वॉशिंग्टनने दिले, त्याने पुढच्या सहा-सात वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लाखो माणसांचे बिऱ्हाड हलवले.

भाव पडले, कर्ज उरले

पहिल्या महायुद्धात अमेरिकी शेतकऱ्याचे दिवस पालटले होते. युरोपात रणधुमाळी चालू होती आणि गहू, मांस, कापूस, जे पिकेल ते खपत होते. १९१९ मध्ये कापसाला पौंडामागे सुमारे ३५ सेंट मिळाले. लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, यंत्रे घेतली. १९२० मध्ये भाव कोसळले, कर्जाचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत. शहरांसाठी ते दशक मोटारींचे, रेडिओचे आणि शेअरबाजाराचे असेल. खेड्यांसाठी ते लिलावांचे होते.

पिकाच्या भावाला सरकारने टेकू द्यावा म्हणून अमेरिकी संसदेने दोनदा विधेयक मंजूर केले, १९२७ आणि १९२८ मध्ये. दोन्ही वेळा अध्यक्ष कूलिज यांनी ते फेटाळले. १९२९ मध्ये नवे अध्यक्ष हूवर यांनी ५० कोटी डॉलरचा निधी देऊन फेडरल फार्म बोर्ड उभारले. बोर्डाने गहू आणि कापूस विकत घेऊन भाव सावरून धरायचा प्रयत्न केला. पण खरेदीला सरकार आणि पेऱ्याला मोकळीक, असा तो मामला होता. गोदामे भरत गेली, निधी आटला आणि भाव घसरतच राहिले. ऑगस्ट १९३१ मध्ये बोर्डाने कापूस पिकवणाऱ्या राज्यांच्या गव्हर्नरांना तारा केल्या: शेतकऱ्यांना सांगा, दर तिसरी ओळ नांगरून टाका. देशभर टिंगल झाली. दोनच वर्षांनी तसेच घडायचे होते. फरक एवढाच की तेव्हा त्याचे पैसे मिळणार होते.

१९३२ च्या जूनमध्ये कापूस पौंडाला पाच सेंटांच्याही खाली उतरला. वेचणीची मजुरीसुद्धा त्यातून जड जात होती. उत्तरेत मका आणि दूध यांची गत वेगळी नव्हती. आयोवात मायलो रेनो यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, दुधाचे कॅन रस्त्यावर ओतले. कर्जापायी कुणाच्या शेताचा लिलाव पुकारला की शेजारीपाजारी जमायचे आणि गायीला पाच सेंट, नांगराला दहा सेंट अशी बोली लावायचे. परका कुणी बोली वाढवायला पुढे आला की त्याला गोठ्याच्या तुळईला टांगलेला दोराचा फास दाखवला जायचा. काही डॉलरांत सगळा लिलाव आटोपायचा आणि घेतलेला माल मूळ मालकाला परत मिळायचा. २७ एप्रिल १९३३ रोजी ले मार्स गावात जमावाने न्यायाधीश ब्रॅडली यांना भर कोर्टातून ओढून गावाबाहेर नेले. जप्तीचे हुकूम काढणार नाही असे वचन दे, नाहीतर फास. न्यायाधीश बधले नाहीत आणि थोडक्यात वाचले.

मराठी वाचकाला इथे १८७५ चे सुपे आठवेल. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या त्या बाजारगावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. सुप्याच्या उठावानंतर चौकशी आयोग आला आणि चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आयोवाच्या शेतकऱ्यांना इतके थांबावे लागले नाही. योगायोग असा की रूझवेल्ट यांनी नव्या शेती कायद्यावर सही केली तो दिवसही १२ मेच होता, साल १९३३.

खेचराने ऐकले नाही

या कायद्यामागचा विचार मोंटानाच्या एम. एल. विल्सन या शेती-अर्थतज्ज्ञाने घासूनपुसून तयार केला होता आणि तो राबवायची जबाबदारी शेतीमंत्री हेन्री वॉलेस यांच्यावर आली. वॉलेस आयोवाचे. घरचे शेतीसाप्ताहिक चालवणारे, संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी काढणारे. कायद्याने १९०९ ते १९१४ ही वर्षे प्रमाण धरली. त्या काळात पोतेभर गहू किंवा गाठभर कापूस विकून शेतकऱ्याला बाजारातून जितके सामान घेता येत होते, तितके त्याला पुन्हा घेता यावे, हे उद्दिष्ट. आपल्या हमीभावाच्या वादात उत्पादन खर्चाला जे स्थान आहे, ते तिथे या जुन्या वर्षांच्या तुलनेला होते. उपाय असा की शेतकऱ्याने पेरा कमी करायचा, सरकारने त्याची भरपाई द्यायची आणि ते पैसे सूतगिरणी, पिठाची गिरणी, कत्तलखाना अशा पहिल्या प्रक्रिया करणाऱ्यावर कर बसवून उभे करायचे. कापसावर तो कर पौंडाला ४.२ सेंट ठरला.

अडचण वेळेची होती. कायदा झाला तेव्हा दक्षिणेत कापूस पेरून झाला होता. सुमारे चार कोटी एकर कपाशी वाढीला लागली होती आणि गोदामांत वर्षभर पुरेल इतका जुना कापूस पडून होता. पेरा कमी करा असे सांगायची वेळ टळली होती. आता उभे पीक काढायला सांगणे एवढेच उरले होते. जून-जुलैत शेतीखात्याचे काउंटी एजंट आणि हजारो स्वयंसेवक गावोगाव फिरले. एकराला किती पीक येते ते पाहून सात ते वीस डॉलर रोख, नाहीतर थोडी कमी रोकड आणि सोबत सरकारी साठ्यातला कापूस सहा सेंटांनी घेण्याचा हक्क, असे दोन पर्याय होते. दहा लाखांहून अधिक करार झाले आणि सुमारे एक कोटी एकरांवरची कपाशी मोडायची ठरली.

मोडताना एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. दक्षिणेत औताला खेचरे जुंपत. पिल्लू असल्यापासून त्यांना दोन ओळींच्या मधून चालायला शिकवलेले, रोपावर खूर पडला की चाबूक बसायचा. आता तोच धनी त्यांना थेट ओळीवरून हाकू लागला. खेचरे अडून बसली. ओळीवर ओढले की बाजूला सरकायची, मारले तरी पाऊल रोपावर ठेवायची नाहीत. ही गोष्ट दक्षिणेत पुढे पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितली गेली. पण त्या उन्हाळ्यात नांगराची मूठ धरणाऱ्यांना हसू येत नव्हते. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची आठवण आपल्याकडे तीनशे-चारशे वर्षे टिकली, ती शत्रूने केलेल्या नासाडीची म्हणून. इथे ज्याने पेरले त्याच्याच हातून ते करवले जात होते, तेही त्याच्या भल्यासाठी.

त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात सरकारने साठ लाख डुकराची पिल्ले आणि सुमारे दोन लाख गाभण डुकरिणी विकत घेऊन मारल्या. मांसाचा काही भाग गरिबांना वाटला. कोवळ्या पिल्लांचे बरेचसे मात्र वाया गेले. शहरांत लोक पावासाठी रांगा लावत असताना हे चालले होते. वॉलेस यांच्यावर टीकेची झोड उठली आणि ती त्यांना जन्मभर पुरली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये जास्तीचे धान्य-मांस गरजूंपर्यंत पोहोचवण्यासाठी वेगळे महामंडळ काढले गेले आणि कापसावर पौंडाला दहा सेंट दराने तारण-कर्ज देणेही सुरू झाले. भाव त्याखाली गेला तर कापूस सरकारकडे सोडून द्यायचा, कर्ज फिटले. ही तारण-कर्जाची पद्धत पुढे अमेरिकी शेतीधोरणाचा कणा ठरली.

भावाच्या हिशेबाने पाहिले तर योजना फळली. एक कोटी एकर मोडूनही १९३३ मध्ये १ कोटी ३० लाख गाठी कापूस आला, पण भाव साडेसहा सेंटांवरून दहाच्या आसपास चढला. कापसाच्या पट्ट्यात सुमारे ११ कोटी डॉलरची सरकारी रोकड उतरली. दुकानदारांची उधारी वसूल झाली, बँकांना जरा श्वास घेता आला. इथवरची गोष्ट सरकारी अहवालांत नीट लिहिलेली आहे.

अर्ध्या सेंटाचा धनी

दक्षिणेत नांगर धरणारा आणि करारावर सही करणारा, ही बहुधा दोन वेगळी माणसे होती. तिथल्या शेतकऱ्यांत निम्म्याहून अधिक कुळे होती आणि त्यांत सगळ्यात खालचा बटाईदार. त्याच्याकडे जमीन नाही, औत नाही, बी नाही. मळ्याचा मालक जमीन, लाकडी खोपट, खेचर, अवजारे द्यायचा. बटाईदाराने बायकापोरांसह राबायचे आणि पीक निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. मार्चपासून वेचणीपर्यंत खायला मालकाच्याच दुकानातून उधारीवर मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, काकवी. वर्षअखेरीस हिशेब. वही मालकाची, व्याज मालकाचे, बेरीज मालकाची. बहुतेकांच्या हाती शेवटी काही उरत नसे, उलट मागचे देणे पुढच्या सालावर चढे. काळ्या बटाईदारांची स्थिती अधिक वाईट, कारण त्यांना मत नव्हते आणि कोर्टात दादही नव्हती. पण गोरी कुळेही लाखांनी होती.

१९३३ चे चेक मालकाच्या हाती आले. बटाईदाराचा वाटा त्याने द्यायचा, हे त्याच्या सचोटीवर सोडले होते. अनेकांनी तो जुन्या उधारीत वळता करून घेतला. मोडलेल्या पिकाचे पैसे वहीत जमा दाखवले की विषय संपला.

पुढच्या दोन हंगामांसाठी, म्हणजे १९३४ आणि १९३५ साठी, रीतसर करार तयार झाला. तो शेतीखात्याच्या कापूस विभागात बेतला गेला. विभागप्रमुख कली कॉब हा अटलांटाच्या एका शेतीमासिकाचा माजी संपादक. ही योजना राबवणाऱ्या यंत्रणेचा वित्तप्रमुख ऑस्कर जॉन्स्टन तर मिसिसिपीतल्या स्कॉट गावच्या ‘डेल्टा अँड पाइन लँड’ या मळ्याचा अध्यक्ष. मळा हजारो एकरांचा, मालकी मँचेस्टरच्या सूत कातणाऱ्या कंपनीची. त्या मळ्याला मिळालेले सरकारी अनुदान पुढे उघड झाले तेव्हा ते लाखो डॉलरांत होते. संसदेतही पाठबळ होतेच. सिनेटमधला सत्ताधारी पक्षाचा नेता जोसेफ रॉबिन्सन आर्कान्सॉचा, आणि शेती समितीचा अध्यक्ष एलिसन स्मिथ साउथ कॅरोलिनाचा, ‘कॉटन एड’ या टोपणनावाने ओळखला जाणारा. मळेवाल्यांना दुखावून रूझवेल्ट यांचा एकही कायदा पुढे सरकला नसता.

करारातले गणित बारकाईने पाहण्यासारखे आहे. पड ठेवलेल्या जमिनीचे भाडे म्हणून सरकार सरासरी उत्पन्नाच्या दर पौंडाला साडेतीन सेंट देणार. ते सगळे मालकाचे. शिवाय पौंडाला एक सेंट पूरक रक्कम. त्यातला निम्मा सेंट मालकाचा आणि निम्मा बटाईदाराचा. म्हणजे साडेचार सेंटांतले चार मालकाला, अर्धा बटाईदाराला. ढोबळ हिशेब मांडू. एखाद्या बटाईदाराकडच्या जमिनीपैकी पाच एकर पड टाकले आणि एकरी दोनशे पौंड कापूस धरला, तर हजार पौंड झाले. ते पिकवून दहा सेंटांनी विकले असते तर शंभर डॉलर आले असते, दोघांना पन्नास-पन्नास. पड ठेवल्यावर मालकाला चाळीस, बटाईदाराला पाच. मालकाचा दहा डॉलरचा तोटा उरलेल्या कापसाच्या चढ्या भावातून आणि वाचलेल्या खर्चातून भरून निघत होता. बटाईदाराचे पंचेचाळीस डॉलर कुठूनच भरून निघत नव्हते. आणि बटाईदारच नसला, त्याच्या जागी रोजंदार लावले, तर ते पाच डॉलरही मालकाचेच.

करार लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. सातव्या कलमात मालकाने शक्य असेल तितपत पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत, त्यांना घरात राहू द्यावे, असे लिहिले होते. ‘शक्य असेल तितपत’ यात सगळे आले. शिवाय त्रासदायक कुळाला काढायची मुभा होती, आणि त्रासदायक कोण हे मालक ठरवणार. तक्रार कुठे करायची, तर काउंटीच्या समितीकडे. समितीवर कोण, तर मळेवाले. ४० टक्के कपाशी पड टाकल्यावर ४० टक्के माणसे नकोशी होणार हे उघड होते. १९३४ च्या वसंतापासून दक्षिणेच्या रस्त्यांवर गाठोडी बांधून निघालेली कुटुंबे दिसू लागली.

टायरोन्झाची शाळा

आर्कान्सॉत टायरोन्झा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या हायरम नॉरक्रॉस या मळेवाल्याने काही कुळांना घरे सोडायला सांगितली. जुलै १९३४ मध्ये गावाजवळच्या एका शाळेच्या खोलीत अठरा माणसे जमली: अकरा गोरी, सात काळी. धोबीकाम करणारा एच. एल. मिचेल आणि पेट्रोलपंप चालवणारा क्ले ईस्ट हे दोन स्थानिक समाजवादी त्यांच्या मागे उभे होते. पहिलाच वाद पडला तो संघटना एक असावी की गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. आयझॅक शॉ नावाचा म्हातारा काळा शेतकरी बोलायला उभा राहिला. १९१९ मध्ये त्याच राज्यात इलेन इथे काळ्या बटाईदारांनी कापसाच्या रास्त भावासाठी संघटना बांधली तेव्हा शेकडो माणसे मारली गेली होती; शॉ त्यातून वाचलेला. त्याचे म्हणणे असे की मालकाची साखळी दोघांच्याही पायात आहे, तेव्हा वेगवेगळे राहून दोघेही मरतील. वंशभेद कायद्याने पाळणाऱ्या त्या प्रदेशात ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ एकत्र स्थापन झाली.

मळेवाल्यांनी उत्तर दिले ते नेहमीच्या पद्धतीने: सभांवर हल्ले, घरांवर गोळीबार, कार्यकर्त्यांना तुरुंग. मार्च १९३५ मध्ये समाजवादी पक्षाचे नेते नॉर्मन थॉमस बर्डसाँग गावात बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना व्यासपीठावरून खाली ओढून काउंटीबाहेर हाकलले गेले. नॉरक्रॉसविरुद्ध कुळांनी कोर्टाची पायरी चढली. करार सरकार आणि मालक यांच्यातला होता, तो पाळला गेला नाही म्हणून कुळाने मालकाला कोर्टात खेचावे हे कोर्टाला मान्य झाले नाही.

वॉशिंग्टनमध्येही या प्रश्नाने खात्यात उभी फूट पाडली होती. विधी विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांच्या हाताखालचे तरुण वकील यांनी सातव्या कलमाचा वेगळा अर्थ लावला: नुसती संख्या राखून भागणार नाही, तीच कुळे ठेवली पाहिजेत. मेरी कॉनर मायर्स या वकील बाई जानेवारी १९३५ मध्ये आर्कान्सॉत जाऊन कुळांचे जबाब घेऊन आल्या. त्यांचा अहवाल खात्याने दाबला आणि तो पुढे कधीच प्रसिद्ध झाला नाही. १९३३ ची योजना राबवणाऱ्या यंत्रणेचे प्रशासक चेस्टर डेव्हिस दौऱ्यावर असताना विधी विभागाने नवा अर्थ लागू करण्याचा आदेश काढला. डेव्हिस परतले आणि त्यांनी वॉलेस यांच्यापुढे पर्याय ठेवला: हे लोक तरी राहतील, नाहीतर मी तरी. ५ फेब्रुवारी १९३५ रोजी फ्रँक आणि त्यांचे सहकारी बडतर्फ झाले. वॉलेस यांचे मन वकिलांकडे होते, सही डेव्हिस यांच्या बाजूने पडली. सिनेटमधली मते मोजल्यावर दुसरे काही होणे अवघड होते.

वाटा लिहिला आणि वाटेकरी गेला

६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मूळ कायदाच मोडीत काढला. मॅसॅच्युसेट्सच्या एका कापडगिरणीच्या वतीने प्रक्रिया-कराला आव्हान दिले होते. शेतीचे नियमन हा राज्यांचा अधिकार, केंद्राने कर बसवून तो बळकावू नये, असे न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी लिहिले. दोन महिन्यांच्या आत संसदेने नवा कायदा केला. आता पैसे पेरा कमी करण्याबद्दल न देता जमिनीचा कस राखणाऱ्या पिकांबद्दल द्यायचे होते, आणि ती पिके कापसाच्या जागी घ्यायची होती. धुळीच्या वादळांनी मध्य अमेरिका काळवंडली होती, त्यामुळे मृदसंधारणाचे नाव पटण्यासारखेही होते. १९३८ मध्ये न्यायालयाचा रोख बदलल्यावर पेऱ्याचे कोटे पुन्हा उघडपणे आले.

या नव्या कायद्यांत कुळांची ओरड ऐकली गेली होती. पैसे मालकामार्फत न देता कुळाला परस्पर द्यायचे, आणि पिकात ज्याचा जितका वाटा त्या प्रमाणात द्यायचे, अशी सुधारणा झाली. कागदावर बटाईदार जिंकला होता. आता निम्म्या पिकाचा धनी निम्म्या अनुदानाचाही धनी होता. मालकांनी त्यावर साधा उपाय काढला: बटाईच बंद. त्याच माणसाला, त्याच खोपटात, त्याच जमिनीवर रोजावर ठेवले की तो शेतकरी उरत नाही, मजूर होतो. आणि मजुराला अनुदान नसते.

मिसूरी राज्याच्या आग्नेय टोकाला, बूटहील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापूसपट्ट्यात, १९३९ च्या जानेवारीत हे घाऊक प्रमाणावर घडले. आधीचे साल संपताना शेकडो कुटुंबांना घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. ओवेन व्हिटफिल्ड हा काळा धर्मोपदेशक, स्वतः बटाईदार. त्याने लोकांना सांगितले की बेघर व्हायचेच आहे तर चार लोक पाहतील अशा जागी होऊ. १० जानेवारीच्या पहाटे महामार्ग ६० आणि ६१ यांच्या कडेला हजाराहून अधिक माणसे आपल्या सामानासह येऊन बसली. बहुसंख्य काळी, काही गोरी. लोखंडी चुली, गाद्या, कोंबड्या, पोरे, गोधड्यांचे आडोसे, आणि वरून थंडी. आर्थर रॉथस्टाइन या सरकारी छायाचित्रकाराने टिपलेल्या तिथल्या छायाचित्रांत लोक कॅमेऱ्याकडे पाहताना दिसतात, लाजलेले दिसत नाहीत. सेंट लुइसला जाणाऱ्या मोटारी तिथूनच जात होत्या, वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. काही दिवसांत राज्याच्या अधिकाऱ्यांनी सार्वजनिक आरोग्याला धोका म्हणून त्यांना ट्रकांत भरून आडबाजूला नेऊन टाकले. व्हिटफिल्डची अध्यक्षांशी भेट झाली, काही कुटुंबांना सरकारी वसाहतीत घरे मिळाली. बाकीच्यांची पांगापांग झाली.

जनगणनेचे आकडे हीच गोष्ट कोरडेपणाने सांगतात. १९३० मध्ये दक्षिणेत सुमारे ७ लाख ७६ हजार बटाईदार होते. १९४० मध्ये ५ लाख ४१ हजार. सगळा दोष अनुदानाचा नव्हे. मंदी होती, जमिनीचा कस उतरला होता, ट्रॅक्टर आले होते. पण ट्रॅक्टर घ्यायला हातात रोकड लागते, आणि तिशीच्या दशकात मळेवाल्याच्या हातातली रोकड बरीचशी सरकारी चेकची होती. अनुदानाने ट्रॅक्टर घेतला, ट्रॅक्टरने बटाईदार गेला, बटाईदार गेल्याने पुढचे अनुदान अख्खे मालकाला राहिले. पुढच्या दशकात कापूस वेचणारी यंत्रे आली तोवर मळ्यांतली माणसे आधीच विरळ झाली होती आणि शिकागो-डेट्रॉइटकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहत होत्या.

आपल्या कापसापर्यंत

१९३३ ची आणीबाणीची सोय अमेरिकेत कायमची झाली. संसदेने दर काही वर्षांनी नवा शेती कायदा केला, नावे बदलली, चेक चालू राहिले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध येतो तो इथे. अमेरिकेच्या यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला होता, आणि २००१-०२ मध्ये अमेरिकी कापसामुळे जगाचा पडलेला बाजार आणखी पडला. ऑक्सफॅमच्या हिशेबाप्रमाणे त्या साली अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३९० कोटी डॉलरचे अनुदान मिळाले. भाव कितीही खाली गेला तरी त्यांना पेरणे परवडत होते. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्याच पडलेल्या भावाशी तशा अनुदानाशिवाय झुंजावे लागत होते. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, ती जिंकलीही. २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन भांडण मिटवले. त्या तडजोडीत यवतमाळच्या वाट्याला काही आले नाही.

दरम्यान आपल्याकडेही थेट पैसे द्यायची पद्धत आली. फेब्रुवारी २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत जमा होतात, आणि २०२३ पासून महाराष्ट्र सरकार त्यात आणखी सहा हजार घालते. अट एकच कळीची: १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर हवी. खंडाने, ठोक्याने, मक्त्याने किंवा बटाईने करणारा त्यात बसत नाही. महाराष्ट्रात तर हे व्यवहार बहुधा तोंडीच असतात, कारण कूळकायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागू द्यायला कुठलाही मालक तयार नसतो. अतिवृष्टीची मदतही सातबारा पाहूनच मिळते.

सहा हजारांसाठी कुणी बटाईदार काढत नाही, हे खरे. पण एकराच्या हिशेबाने पैसे देणाऱ्या योजना आल्या की चित्र बदलते. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू योजनेत एकरी, हंगामी चार हजार रुपये सुरू केले. पैसे जमीनमालकाच्या खात्यात गेले आणि कुळांनी खंड पूर्वीइतकाच भरला. ओडिशाने कालिया योजनेत भूमिहीन आणि बटाईदार धरले. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये कुळांना अकरा महिन्यांचे पीक-हक्क कार्ड द्यायचा कायदा केला, पण कार्डासाठी मालकाची सही आवश्यक ठेवली. ती सही द्यायला मालक कचरतात, कारण त्यांना त्यात जमीन जाण्याची भीती दिसते.

योजना जाहीर झाली की आपल्याकडे चर्चा रकमेची होते: सहाचे बारा करा, बाराचे चोवीस. १९३४ चा करार आणि १९३८ चा कायदा शेजारी ठेवून वाचले की दिसते, रक्कम हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. पहिल्यात बटाईदाराला जवळजवळ काहीच दिले नव्हते, म्हणून त्याचे नुकसान झाले. दुसऱ्यात त्याचा पूर्ण वाटा लिहून दिला होता, तरीही झाले. कारण तो बटाईदार म्हणून राहणार की नाही हे ठरवणे मालकाच्याच हाती होते. जमीन करण्याचा हक्क जोवर मालकाच्या मर्जीवर आहे, तोवर बटाईदाराच्या नावाने काढलेला प्रत्येक रुपया मालकाला त्याला काढून टाकायचे आणखी एक कारण देतो. त्यामुळे आधी त्या माणसाची, मालकाच्या सहीवाचून, नोंद व्हायला हवी. कूळकायद्याची धास्ती न वाटता अशी नोंद कशी करायची, हा कायदा लिहिणाऱ्यांपुढचा खरा अवघड प्रश्न आहे, आणि अनुदान वाढवण्याआधी तो सोडवावा लागेल.